कोळंबीचं वावडं बाळाला वारशाने येतं का?

मालवणहून एका ताईंनी विचारलं आहे: "मला पाचवा महिना आहे. माझ्या बाबांना कोळंबी खाल्ली की अंगभर पित्त उठतं. दोन वर्षांपूर्वी तर श्वास कोंडला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. मी स्वतः कोळंबी, कुर्ल्या सगळं खाते, काही होत नाही. पण पावसाळा लागला की सकाळी उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका ठरलेल्या. मिस्टरांना काही त्रास नाही, सासूबाईंना मात्र दमा आहे. त्या म्हणतात, हे दोन्ही घराण्यांत आहे, तेव्हा आतापासूनच कोळंबी सोड आणि बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत त्याला माशाचा वासही लागू देऊ नको. दीर मुंबईला असतो, तो म्हणतो बाळ झालं की जीन टेस्ट करू, म्हणजे सगळं आधीच कळेल. काय करू?"

ताई, आधी थोडक्यात उत्तर देते. तुमच्या बाळाला ॲलर्जीची प्रवृत्ती येण्याची शक्यता इतर बाळांपेक्षा थोडी जास्त आहे. बाबांचं कोळंबीचं वावडं जसंच्या तसं त्याच्याकडे येईल, असं मात्र नाही. गरोदरपणात मासे सोडू नका. बाळाला तीन वर्षं मासे न दिल्याने संरक्षण मिळत नाही, उलट त्रास वाढू शकतो. जीन टेस्टचे पैसे वाचवा. आता यामागचं कारण सविस्तर सांगते, कारण सासूबाईंनी स्वतः दमा भोगला आहे. त्यांची भीती खरी आहे, तेव्हा त्यांना पटेल असं काहीतरी तुमच्या हातात हवं.

सिंधुदुर्गात दवाखाना चालवून मला २४ वर्षं झाली. "डॉक्टरांनू, ह्यां आमच्या घराण्यातच आसा" हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते, आणि ते अर्धं खरं असतं. उरलेलं अर्धं समजावणं हेच माझं बरंचसं काम.

१९१६ साली न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट कुक आणि अल्बर्ट व्हँडर व्हीर या दोन डॉक्टरांनी पाचशेहून जास्त ॲलर्जीच्या रुग्णांची घराणी तपासली. 'ॲलर्जी' हा शब्दच तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ मध्ये घडवला. डीएनएची रचना उलगडायला अजून ३७ वर्षं होती. तरी केवळ कुणाच्या आजीला काय, काकाला काय, हे विचारून त्या दोघांनी एक गोष्ट अचूक हेरली: आईबापांकडून मुलांकडे ठरावीक पदार्थाची ॲलर्जी जात नाही, जाते ती कशाची ना कशाची ॲलर्जी होण्याची तयारी. ती कशावर उतरेल हे पुढे ठरतं. माझ्याकडे एकाच घरातल्या तीन पिढ्या येतात. आजोबांना कुर्ल्या चालत नाहीत, लेकीला तुमच्यासारख्या पावसाळी शिंका, आणि नातवाच्या कोपराच्या खोबणीत लहानपणापासून खाज सुटणारा इसब. घरच्यांना हे तीन वेगळे आजार वाटायचे. मुळाशी प्रवृत्ती एकच, फक्त तिघांच्या अंगावर ती वेगवेगळ्या जागी उमटली.

ही तयारी म्हणजे नेमकं काय? आपल्या रक्तात आयजीई नावाची एक अँटिबॉडी असते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे तिचा शोध लावला. ही अँटिबॉडी मुळात जंतांसारख्या परजीवींशी लढायला उपयोगी पडते. ज्यांच्यात ॲलर्जीची तयारी असते त्यांचं शरीर तीच आयजीई धुळीविरुद्ध, परागांविरुद्ध, नाहीतर खाण्यातल्या एखाद्या प्रथिनाविरुद्ध बनवून बसतं. त्वचेत, नाकात, श्वासनलिकेत आणि आतड्यात मास्ट पेशी असतात. ही आयजीई त्यांच्या अंगावर जाऊन चिकटते. पुन्हा ते प्रथिन आलं की या पेशी फुटतात आणि हिस्टामिन नावाचं रसायन सांडतं. मग पित्त उठतं, शिंका येतात, छाती आवळते, जास्त झालं तर रक्तदाब कोसळतो. आपण 'पित्त उठलं' म्हणतो आणि वरून आमसुलाचं पाणी चोळतो. त्याने खाजेला थोडा गारवा मिळतो, पण या गांध्यांचा पोटातल्या आम्लपित्ताशी संबंध नाही.

आता जनुकं यात कुठे येतात ते पाहू. पाचव्या गुणसूत्रावर एका पट्ट्यात काही जनुकं शेजारी शेजारी बसलेली आहेत. ती इंटरल्युकिन ४, ५ आणि १३ नावाची निरोप्याचं काम करणारी रसायनं बनवतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना 'आता आयजीई बनव' हा निरोप ४ आणि १३ देतात. काहींच्या घराण्यात हा निरोप जरा मोठ्या आवाजात दिला जातो. दुसरी जागा पहिल्या गुणसूत्रावर. तिथलं फिलॅग्रिनचं जनुक त्वचेची भिंत घट्ट ठेवतं. चिऱ्याच्या भिंतीचे सांधे नीट भरले नाहीत तर पावसाळ्यात आत ओल येते. तसंच फिलॅग्रिन कमी पडलं की त्वचा कोरडी पडते आणि बाहेरची प्रथिनं आत झिरपतात. स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इसबाचा या जनुकाशी असलेला संबंध दाखवला. त्यानंतरच्या वर्षी सतराव्या गुणसूत्रावरची एक जागा लहानपणीच्या दम्याशी जोडली गेली. आज दम्याशी संबंधित अशा शंभराहून जास्त जागा माहीत आहेत, आणि एकेकीचा परिणाम अगदी चिमूटभर. म्हणून 'दम्याचं जनुक' असं एकच काही नाही, जे सापडलं की झाला दमा आणि नसलं की सुटलो.

सगळ्यात महत्त्वाची जागा सहाव्या गुणसूत्रावर आहे, तिला एचएलए म्हणतात. तुम्ही मालवणच्या, तेव्हा मासळीच्या लिलावाचं उदाहरण लगेच समजेल. शरीरातल्या काही पेशी बाहेरून आलेल्या प्रथिनाचे तुकडे करतात आणि पाटीत मांडून दाखवतात. एचएलए म्हणजे ती पाटी. टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी, येतात, गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं तसा तुकडा निरखतात, आणि हा आपला की परका, सोडायचा की झगडायचं, ते ठरवतात. प्रत्येकाची पाटी वेगळ्या आकाराची. एकीत एखादा तुकडा नीट बसतो आणि ठळक दिसतो, दुसरीत तोच तुकडा बसतच नाही. एचएलएचे हजारो प्रकार माणसांत आहेत. आईकडून एक संच, वडिलांकडून एक संच, असं वाटप होतं. त्यामुळे सख्ख्या भावंडांत दोघांचे संच पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. एकाच ताटात जेवलेल्या दोन भावांपैकी एकालाच कोळंबी का बाधते, याचं एक कारण इथे आहे.

सासूबाईंना आकड्यांत सांगायचं झालं तर असं सांगा. आईवडिलांपैकी कुणालाच ॲलर्जीचा आजार नसला तरी दर १०० बाळांपैकी साधारण १० ते १५ जणांना पुढे काही ना काही होतं. दोघांपैकी एकाला असेल तर २० ते ४० जणांना, दोघांना असेल तर निम्म्यांना किंवा त्याहूनही जास्त. हे आकडे बहुतेक पाश्चात्य देशांतले आहेत, तेव्हा त्यांच्याकडे अंदाज म्हणूनच बघायचं. आजोबा-आजींचा आजार मोजला जातो, पण आईवडिलांइतका नाही. तुमच्या घरी शिंका तुम्हाला आहेत, मिस्टरांना काही नाही. म्हणजे १०० पैकी ६० ते ८० वेळा बाळाला काहीही होणार नाही. आणि ज्यांना होतं, त्यांनाही बहुतेक वेळा नाकाचा त्रास, इसब किंवा बालदमा. कोळंबीचं वावडं त्यातल्या थोड्यांनाच.

बाबांच्या कोळंबीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे आपल्याकडे गैरसमज खूप. कोळंबीतलं जे प्रथिन बहुतेकांना बाधतं त्याचं नाव ट्रोपोमायोसिन, ते तिच्या स्नायूत असतं. १९९३ मध्ये बंगळुरू आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी आपल्याच किनाऱ्यावर मिळणाऱ्या भारतीय पांढऱ्या कोळंबीत ते ओळखलं. उकळलं तरी ते टिकतं, तळलं तरी टिकतं, वाळवलं तरी टिकतं. म्हणून सुंगटां (ताजी कोळंबी) सोडली पण सोडे (सुकी कोळंबी) घातलेली वांग्याची भाजी खाल्ली, जवळ्याची चटणी खाल्ली, गोलमा खाल्ला, असं करून चालत नाही. कोळंबीच्या रश्शातही ते उतरतं. कुर्ल्या आणि शेवंडातलं ट्रोपोमायोसिन कोळंबीच्या इतकं सारखं असतं की ज्याला एक बाधतं त्याला दुसरं बाधण्याची शक्यता बरीच. पण बांगडा, सुरमई, पापलेट यांची गोष्ट वेगळी. माशांची ॲलर्जी बहुतेक वेळा पार्व्हाल्ब्युमिन नावाच्या दुसऱ्याच प्रथिनाची असते. त्यामुळे बाबांना मासे चालत असतील तर त्यांनी ते खुशाल खावेत. फक्त ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात त्यांचा बांगडा तळू नका.

ट्रोपोमायोसिनची आणखी एक गंमत आहे, आणि तुमच्या शिंकांशी तिचा संबंध पोचतो. घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे किडे असतात, त्यांना माइट म्हणतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून जगतात. जून ते सप्टेंबरची कोकणातली हवा म्हणजे त्यांची सुगी. गादी, उशी, गोधडी ही त्यांची वस्ती. हे माइट आणि झुरळ दोघेही कोळंबीचे लांबचे नातेवाईक, आणि त्यांचं ट्रोपोमायोसिन कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनशी बरंच मिळतंजुळतं. एकदा माझ्याकडे कुडाळजवळच्या एका घरातला नऊ वर्षांचा मुलगा आला. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासा शिजलेला नाही, असं घर. वडिलांच्या हातात तपासणीचा सहा पानी कागद आणि चेहऱ्यावर गोंधळ: "मॅडम, ह्यात कोळंबी पॉझिटिव्ह कशी?" मुलाने जन्मात कोळंबी पाहिली असेल ती बाजारातून जाताना, तीही नाकाला रुमाल लावून. त्याला ॲलर्जी होती ती माइटची, आणि रक्तातली आयजीई दोघांना ओळखू शकत नव्हती. कोळंबी कधीच न खाणाऱ्या सनातनी ज्यू लोकांमध्येही असंच आढळलेलं आहे.

तो सहा पानी कागद मी विसरले नाही. शंभरेक पदार्थांची यादी, त्यांतल्या ३१ पदार्थांसमोर लाल खूण. भात, उडीद, खोबरं, केळं, टोमॅटो. आईने चार महिने मुलाला जवळजवळ पेज आणि दुधीवर ठेवलं होतं. वजन दोन किलोने घटलेलं. ज्या प्रयोगशाळेने ती तपासणी केली तिथल्या कुणीही त्यांना एवढंही सांगितलं नव्हतं, की रक्तात आयजीई सापडणं आणि तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाऊन काही होत नाही, तर रिपोर्ट काहीही म्हणो, त्या पदार्थाची ॲलर्जी नाही. त्या मुलाला आम्ही पहिल्याच दिवशी वरण-भात-खोबरं परत सुरू केलं. नाकात फवारा दिला, उशा-गाद्यांना आवरणं घालायला सांगितलं. महिन्याभरात तो पुन्हा क्रिकेट खेळायला लागला. एकूण आयजीईचा आकडा मोठा आला म्हणूनही लगेच घाबरायचं नसतं. आपल्याकडे पोटात जंत असले तरी तो आकडा वाढतो.

आणखी दोन गोष्टी कोकणात 'घराण्याची ॲलर्जी' म्हणून खपतात, त्यांना इथेच बाजूला काढते. पहिली बांगड्याची. बर्फाशिवाय ऊन खाल्लेल्या बांगड्यात जिवाणू वाढतात आणि माशातल्याच एका घटकापासून हिस्टामिन तयार करतात. तो कितीही तळा, हिस्टामिन जात नाही. जेवणानंतर तासाभरात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर चट्टे येतात, कधी उलट्या-जुलाब. एका ताटातल्या चौघांना एकदम झालं तर ती ॲलर्जी समजू नका, ती विषबाधा आहे. पुढच्या आठवड्यात ताजा बांगडा खाल्ला की काही होत नाही. कित्येक घरांनी एका शिळ्या बांगड्यापायी आयुष्यभर बांगडा सोडलेला मी पाहिला आहे, आणि मुलांनाही सोडायला लावलेला.

दुसरी आंबा-काजूची. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून भाजतं, काजूच्या टरफलाच्या तेलाने हात सोलवटतात. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. बिब्बा उतणं आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. यात आयजीईचा हात नसतो. टी पेशी थेट त्वचेवर चालून येतात, त्यामुळे चट्टे लगेच न उठता एक-दोन दिवसांनी उठतात. इथे रक्तापेक्षा रोजचा हात लागणं मोठं. काजू सोलणाऱ्या घरात आईला, मावशीला, मुलीला सगळ्यांना त्रास होतो, कारण तिघी एकाच पाटाशी बसून सोलतात. हातांना खोबरेल आणि हातमोजे, एवढ्याने पुष्कळ भागतं. काजूचा गर खाऊन घसा सुजणं मात्र पूर्णपणे वेगळं आणि गंभीर. त्याला या चट्ट्यांच्या पंगतीत बसवू नका.

आता मुख्य मुद्द्यावर येते. प्रवृत्ती वारशाने आली तरी पुढे काय होईल हे जनुकांनी लिहून ठेवलेलं नसतं. एकसारख्या जुळ्यांचं उदाहरण घ्या, त्यांची जनुकं तंतोतंत सारखी. २००० साली अमेरिकेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांत एकाला ॲलर्जी असली तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ६४ टक्के होतं, साध्या जुळ्यांत जेमतेम ७ टक्के. यातून जनुकांचा जोर दिसतोच. पण दुसरी बाजूही पाहा: सगळी जनुकं सारखी असूनही तीनातल्या एका जुळ्याला ॲलर्जी झालीच नाही.

मला स्वतःला सगळ्यात पटलेला पुरावा इस्रायलचा. लंडनचे डॉ. गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ब्रिटनमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. वंश एक. तरी ब्रिटनमधल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी जवळजवळ दहापट. फरक हा, की इस्रायलमध्ये बाळं दात येण्याच्या सुमारासच शेंगदाण्याचे कुरमुऱ्यासारखे तुकडे चघळतात. ब्रिटनमध्ये तेव्हा 'लहानपणी शेंगदाणा टाळा' असा सल्ला दिला जायचा, अगदी तुमच्या सासूबाईंसारखाच. मग त्यांनी ४ ते ११ महिन्यांची, इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे प्रवृत्ती दणकट असलेली ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षं टाळला. २०१५ मध्ये निकाल आला. खाणाऱ्यांत ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी. जगभरचा सल्ला त्या अभ्यासाने उलटा फिरवला. आधी आम्ही डॉक्टरसुद्धा टाळाच म्हणत होतो. मीही सुरुवातीच्या वर्षांत कित्येक आयांना अंडं, शेंगदाणा उशिरा द्या असं सांगितलं आहे, आणि त्याचं आज वाईट वाटतं.

असं का होतं, तर तोंडावाटे पोटात गेलेल्या प्रथिनाला बाळाचं शरीर सहसा 'आपलं अन्न' म्हणून ओळखायला शिकतं. तेच प्रथिन फाटक्या, इसबाच्या त्वचेतून आत गेलं तर शरीर त्याला शत्रू समजण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे घरात मासळी साफ होते, सोडे-जवळा वाळत पडतो, म्हणजे प्रथिन घरात असतंच. बाळाला खायला द्यायचं नाही, पण त्याच्या सोलवटलेल्या गालाला कोळंबी सोललेला हात लागतो, हा सगळ्यात वाईट मेळ. म्हणून मासळी साफ केली की साबणाने हात धुऊनच बाळाला घ्या, आणि त्याची त्वचा कोरडी दिसली की पहिल्या आठवड्यांपासून तिच्याकडे लक्ष द्या.

तेव्हा तुम्ही करायचं ते असं. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना ॲलर्जीच्या भीतीने काहीही सोडायचं नाही. आईने पथ्य पाळून बाळाची ॲलर्जी टळत नाही, फक्त आई अशक्त होते. मासे ताजे आणि नीट शिजवलेले खा. मोरीसारखे मोठे शिकारी मासे या दिवसांत कमी, कारण त्यांच्यात पारा साठतो. बांगडा, तारली, मुडदुशे उत्तम. बाळाला सहा महिने अंगावरचं दूध. मग पेज, वरण सुरू झालं की एकेक नवी वस्तू: पूर्ण उकडलेलं अंडं चमच्याच्या टोकावर, पेजेत कालवलेलं भाजक्या शेंगदाण्याचं मऊ कूट, काटे नीट काढलेला मुडदुशाचा तुकडा, आणि पुढे चांगली शिजवून वाटलेली कोळंबी. नवी वस्तू सकाळी द्या, दिवसभर बाळ डोळ्यांसमोर राहील. दोन-तीन दिवस काही झालं नाही तर पुढची. चाललेली वस्तू आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा, एकदा चाटवून सोडू नका. अख्खा शेंगदाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला चार महिन्यांच्या आतच अंगभर, रात्री झोपू न देणारा इसब सुरू झाला, तर अंडं-शेंगदाणा देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण अशा बाळांची आधी तपासणी करावी लागते.

घरात विडी-सिगारेट नको, आणि चुलीचा, डासांच्या अगरबत्तीचा धूर बाळाच्या खोलीत नको. दम्याच्या प्रवृत्तीला धूर फार लवकर चाळवतो. गोधड्या-चादरी गरम पाण्यात धुवा. पावसात उघडीप मिळाली की गाद्या कडक उन्हात टाका, भिंतीवरची बुरशी पुसून काढा. याचा पहिला फायदा तुमच्याच शिंकांना होईल.

राहिला दिराचा प्रश्न. बाळाची सरसकट जीन टेस्ट करून 'याला दमा होणार, कोळंबी बाधणार' असं आज कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. शंभर जागांचा चिमूट-चिमूट परिणाम मोजून जे उत्तर येतं, त्यापेक्षा तुमच्या तीन वाक्यांच्या घराणे-इतिहासातून मला जास्त कळतं. पण काही ठिकाणी जनुकाची तपासणी खरोखर जीव वाचवते, आणि ती ठिकाणं दिराला नक्की सांगा.

एक म्हणजे काही औषधं. फिटसाठी आणि चेहऱ्याच्या नसेच्या कळांसाठी देतात ते कार्बामाझेपिन काहींच्या अंगाची साल काढतं, डोळे आणि तोंड सोलवटतं, माणूस दगावूही शकतो. २००४ मध्ये तैवानमध्ये अशा ४४ रुग्णांची तपासणी झाली, आणि ४४ जणांकडे एचएलए-बी १५:०२ हा प्रकार सापडला. आशियाई वंशाच्या लोकांत हा प्रकार जास्त असल्याने अमेरिकेने २००७ पासून अशा रुग्णांना औषध सुरू करण्याआधी ही तपासणी करायला सांगितलं. युरिक ॲसिडच्या ॲलोप्युरिनॉलचा असाच संबंध एचएलए-बी ५८:०१ शी आहे. मघाची पाटीची गोष्ट आठवा. इथे एखादी पाटीच अशी असते की त्या औषधामुळे टी पेशींची दिशाभूल होते. म्हणून घरात कुणाला कुठल्या औषधाने अंग सोललं असेल, तर त्या औषधाचं नाव लिहून ठेवा.

दुसरं ठिकाण एका कुटुंबाने मला शिकवलं. चाळिशीतली एक बाई वर्षातून पाच-सहा वेळा ओठ, हात, कधी एक डोळा सुजून यायची. पित्त नाही, खाज नाही. मध्येच पोटात असह्य कळा, की एकदा अपेंडिक्ससाठी टेबलावर घ्यायचीच वेळ आली होती. दरवेळी कुणीतरी ॲलर्जीचं इंजेक्शन द्यायचं, मीही दोनदा दिलं. सूज दोन-तीन दिवसांनी आपोआप उतरायची आणि आम्हाला वाटायचं इंजेक्शनने उतरली. मग तिने सहज सांगितलं, की तिची आई दाढ काढल्याच्या रात्री गळा सुजून गेली, आणि गावात म्हणत होते बाहेरची बाधा झाली. मी हातातलं पेन खाली ठेवलं. हा वंशपरंपरागत अँजिओएडिमा. सी-१ इनहिबिटर नावाचं प्रथिन एका जनुकातल्या दोषामुळे कमी पडतं, आणि आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. विल्यम ऑस्लर यांनी १८८८ मध्येच असं घराणं वर्णन करून ठेवलं होतं. याला ॲव्हिल हे ॲलर्जीचं नेहमीचं औषध लागू पडत नाही, ॲड्रिनॅलिनचाही भरवसा नाही, वेगळी औषधं लागतात. रक्तदाबाच्या एनालाप्रिल-रामिप्रिलच्या गटातल्या गोळ्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या याला भडकवतात, दाढ काढायचीही आधी तयारी करून. तिचे नमुने मुंबईला पाठवले, निदान पक्कं झालं, तिच्या दोन मुलांपैकी धाकट्यातही सापडलं. आज तो अठरा वर्षांचा आहे आणि पाकिटात निदानाची चिठ्ठी ठेवतो.

तिसरं, जन्मतःच प्रतिकारशक्तीत मोठं खिंडार असणारी बाळं. पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, कान वाहणं, तोंडातला पांढरा थर जात नाही, वजन वाढत नाही, घरात आधी एखादं बाळ असंच गेलेलं. जवळच्या नात्यात लग्नं होतात त्या घरांत हे जास्त दिसतं. अशी शंका आली तर मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संस्था आहे, तिथे अशा आजारांच्या तपासण्या होतात. तुमच्या सांगण्यात यातलं काही नाही.

म्हणून बाळंतपणाआधी एक काम करा. सासूबाईंना आणि तुमच्या आईला शेजारी बसवा आणि वहीच्या एका पानावर लिहा: कुणाला काय खाल्ल्यावर किती वेळात काय झालं, कुणाला कुठलं औषध बाधलं, कुणाची सूज पित्ताविना आली, कोण लहानपणी गेलं. ते पान बाळाच्या फाइलमध्ये पहिलं लावा.

आणि बाबांना या महिन्यातच दाखवा. श्वास कोंडण्यापर्यंत गोष्ट गेली होती, तेव्हा पुढच्या वेळी गोळी शोधत बसायला वेळ मिळणार नाही. अशा वेळी पहिलं औषध ॲड्रिनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ॲव्हिल आणि स्टेरॉइड त्यानंतर. ते घरी ठेवायचं का, कुणी टोचायचं, किती मात्रा, हे त्यांचं वय, वजन आणि हृदय तपासूनच ठरेल. त्यांना समुद्रकाठच्या हॉटेलात जेवायची सवय असेल तर तेल वेगळं आहे का, हे विचारायला लाजू नका म्हणावं.

सासूबाईंनी आज सुंगटांचं कालवण केलं असेल तर तुम्ही पोटभर जेवा, ताई.